क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून रिपोर्ट कपाटात टाकू नका: शुगर असणाऱ्यांनी किडनीचे रिपोर्ट कसे वाचायचे

इंदूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करतेय, सकाळी साडेसहापासून सॅम्पल घेणं सुरू होतं आणि त्यातले निम्मे लोक तरी शुगरवाले असतात. एवढी वर्षं रोज दुसऱ्यांचे क्रिएटिनिन लावले, पण स्वतःच्या आईचे तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायला मला उशीर झाला, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय. आईला टाइप २ डायबिटीस बारा वर्षांपासून. साठाव्या वर्षी क्रिएटिनिन ०.८, बासष्टाव्या वर्षी ०.९, चौसष्टाव्या वर्षी १.१. रिपोर्टवर बायकांची रेंज छापलेली ०.६ ते १.१, म्हणजे तिन्ही वेळा सगळं रेंजमध्ये, कुठे ठळक अक्षर नाही की बाण नाही, आणि आई दर वेळी म्हणायची, "अगं किडनी एकदम बढिया आहे, नॉर्मल आलंय." पण तेच तीन आकडे वय धरून ईजीएफआरमध्ये, म्हणजे किडनी किती गाळते त्याच्या अंदाजात, बदलले तर ८४, मग ७२, मग ५६ येतात. चार वर्षांत किडनीची गाळायची ताकद एक तृतीयांश कमी झाली होती आणि कागद मात्र नॉर्मल म्हणत होता.

मी डॉक्टर नाही, औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे डॉक्टरच सांगतील. पण तपासणी कोणती करायची, कशी द्यायची, आकडा कसा वाचायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं एवढं घरच्या माणसाला आलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी जुने रिपोर्ट काढा

नवीन तपासणीला धावायच्या आधी घरात जे जुने कागद पडलेत ते सगळे काढा, मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ पण. एक साधी वही घ्या आणि तारीख, वय, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीचा एसीआर (हा काय ते पुढे लिहिलंय), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि त्या वेळचं बीपी असे रकाने आखा. शेवटी एक मोठा रकाना रिकामा ठेवा, त्यात त्या दिवसांत काय चाललं होतं ते लिहायचं, ताप होता का, जुलाब झाले होते का, नवीन गोळी सुरू झाली का, गुडघ्यासाठी पेनकिलर चालू होती का. हा शेवटचा रकाना फार कामाचा आहे, कारण अर्ध्या गोंधळाचं उत्तर तिथेच सापडतं.

क्रिएटिनिन म्हणजे काय आणि तो फसवतो कुठे

आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो, तो रोज थोडा थोडा मोडतो आणि त्याचा जो कचरा रक्तात येतो तो क्रिएटिनिन. किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. किडनी मंद झाली की तो रक्तात साठतो, इतकं सोपं. पण कचरा किती तयार होणार हे स्नायूंवर ठरतं ना, मग वजन कमी असलेल्या, हातपाय बारीक झालेल्या म्हाताऱ्या बाईत तो मुळात कमीच तयार होतो, म्हणून किडनी बरीच बिघडली तरी तिचा आकडा रेंजच्या आतच राहतो. माझा भाचा २८ वर्षांचा आहे, रोज जिमला जातो, त्याचं क्रिएटिनिन पण १.१ च आलं. त्याचा ईजीएफआर निघतो ९४ आणि माझ्या आईचा ५६. आकडा एकच, पण एकाची किडनी ठणठणीत आणि दुसरीची तिसऱ्या स्टेजला.

म्हणून नुसतं क्रिएटिनिन वाचून थांबायचं नाही, ईजीएफआर काढायचाच. आता बऱ्याच लॅब तो छापून देतात, नसेल छापला तर काउंटरवर मागा. नाहीतर मोबाइलवर कॅल्क्युलेटर मिळतात, त्यात वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन टाकायचं. फक्त सूत्र २०२१ चं सीकेडी-ईपीआय आहे ना ते बघून घ्या, आणि दर वेळी तेच वापरा, एकदा हे आणि एकदा ते असं केलं तर आकडे जुळणार नाहीत. जुन्या रिपोर्टांचे ईजीएफआर पण असेच काढून वहीत भरा, त्या वेळचं वय टाकून, आजचं नाही.

आकडा आल्यावर स्टेज अशी बघायची: ९० च्या वर पहिली, ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ तिसरीतली ए, ३० ते ४४ तिसरीतली बी, १५ ते २९ चौथी, आणि १५ च्या खाली पाचवी. पहिल्या दोन स्टेजमध्ये लघवीत प्रोटीन वगैरे दुसरा काही पुरावा असेल तरच तो आजार धरतात, म्हणजे सत्तरीच्या आजोबांचा ईजीएफआर ७२ आला आणि लघवी स्वच्छ आहे तर घाबरायचं काही नाही, चाळिशीनंतर वर्षाला एखादा पॉइंट वयामुळे उतरतोच. वर्षाला पाचच्या वर उतरत असेल तर मात्र ती घसरण वेगाची समजतात. आईची वर्षाला सातने चालली होती.

सॅम्पल द्यायला येताना

याच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण रोज डोळ्यासमोर बघते. आदल्या रात्री मटण-चिकन खाऊन सकाळी सॅम्पल दिलं तर क्रिएटिनिन थोडं वर दाखवतं, शिजलेल्या मांसातून पण तो येतोच. आदल्या दिवशी जिममध्ये जास्तीचा व्यायाम नको, क्रिएटिनची पावडर घेत असाल तर ते सांगा. पाणी रोजच्यासारखं प्या. रिपोर्ट चांगला यावा म्हणून तांब्याभर पाणी पिऊन येणारे पण असतात आणि फास्टिंग म्हणजे पाणी पण नको समजून मे महिन्यात तहानलेले येणारे पण, दोन्ही चूक. हरतालिकेचा निर्जळी उपवास करून दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम्पल द्यायला आलेल्या एका काकूंचं युरिया इतकं वाढलेलं होतं की घरचे घाबरून गेले, आठवड्याने परत केलं तर खाली आलं. त्यामुळे उपवासाच्या लगेच नंतर, तापात, जुलाब-उलटीत, रूटीन म्हणून ही तपासणी करू नका. आजारपणात डॉक्टरांनी मुद्दाम सांगितली तर गोष्ट वेगळी, तेव्हा करायचीच.

सुई लावताना मूठ सारखी उघडझाप करू नका. जोरात मूठ आवळली, पट्टा जास्त वेळ बांधून ठेवला, की पोटॅशियम खोटं वाढतं. रक्त ओढताना पेशी फुटल्या, आम्ही त्याला सॅम्पल हिमोलाइज झालं म्हणतो, तरी पोटॅशियम वर जातं. आणि एक चूक लॅबच्या बाजूने होते, हिमोग्लोबिनसाठी जी जांभळ्या झाकणाची ट्यूब असते तिच्यात पोटॅशियमवालं ईडीटीए असतं, तिच्यातलं थोडंसं रक्त जरी दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम एकदम खाली दाखवतं. असा विचित्र जोडीचा रिपोर्ट आला आणि माणूस बरा हिंडतोय तर त्याच दिवशी परत सॅम्पल द्या, लॅबला सांगायला संकोच करू नका, आम्हाला पण ते हवंच असतं.

लॅब शक्यतो एकच ठेवा. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी जॅफे आणि नवीन एन्झायमॅटिक. जॅफेत शुगर फार वाढलेली असेल किंवा कीटोन असतील तर आकडा बिघडू शकतो, शुगरवाल्यांसाठी एन्झायमॅटिक बरी. कोणती आहे ते रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

लघवीशिवाय रक्ताचा रिपोर्ट अर्धा

आतापर्यंत सगळं रक्ताच्या तपासण्यांचं लिहिलं, पण इथे लघवी सोडून पुढे जाताच येत नाही. डायबिटीसमध्ये बऱ्याचदा किडनीची चाळणी आधी गळायला लागते, अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत उतरतं, आणि क्रिएटिनिन हलायला पुढे कित्येक वर्षं लागतात. उलट काही लोकांत प्रोटीन येतच नाही आणि ईजीएफआर गुपचूप उतरत जातो. म्हणून दोन्ही हवेत, एक करून दुसरं सोडलं असं चालत नाही.

तपासणीचं नाव यूएसीआर किंवा नुसतं एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. युरीन रूटीन म्हणून जी पट्टी बुडवून होते ती यासाठी पुरत नाही, ती थोडंसं अल्ब्युमिन पकडतच नाही, 'निल' लिहून येतं आणि माणूस निश्चिंत होतो. सकाळची पहिली लघवी आणा, मधल्या धारेची. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेलं, ३०० च्या वर म्हणजे खूप वाढलेलं, हे सगळं मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवसाचा जोरदार व्यायाम, पाळी, फार वाढलेली शुगर किंवा बीपी, यातल्या कशानेही आकडा फुगतो, म्हणून एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वाढलेले आले तर खरं मानतात. आईचं पहिलं १४०, तीन महिन्यांनी १२८.

टाइप २ असेल तर ज्या दिवशी डायबिटीस कळला त्याच वेळी हे दोन्ही करायचं आणि मग दर वर्षी, कारण शुगर खरी कधी सुरू झाली ते कोणालाच माहिती नसतं. टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर दर वर्षी. आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, शुगरमुळे किडनी बिघडते तेव्हा पडद्यावर पण खुणा पुष्कळदा सापडतात. पडदा एकदम स्वच्छ, डायबिटीस नवा, आणि तरी प्रोटीन भरपूर किंवा लघवीत रक्त, असं असेल तर किडनीचं कारण दुसरंच असू शकतं, तेव्हा नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, जा.

सिस्टॅटिन सी कधी करायचं

हे शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी तयार करतात असं एक छोटं प्रोटीन आहे, किडनी तेही गाळते, आणि स्नायू कमी-जास्त असल्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून फार बारीक झालेल्या म्हाताऱ्या माणसात, पाय कापावा लागलेल्या डायबिटीसवाल्यात, बॉडी बिल्डिंग करणाऱ्यात, किंवा ईजीएफआर ४५ ते ५९ आलाय आणि लघवी स्वच्छ आहे तर हा आजार आहे की नाही अशा शंकेत त्याचा उपयोग होतो. केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या गाइडलाइनने क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर जास्त भरवशाचा धरलाय. महाग पडतं आणि प्रत्येकाला लागतही नाही. स्टेरॉइड चालू असेल, थायरॉइड बिघडलेला असेल, वजन फार असेल, विडी-सिगरेट असेल तर तोही हलतो, ते सांगूनच करा. आईचं केलं नाही, तिच्या लघवीतच पुरावा होता.

बाकीचे आकडे

युरियाचा नुसता आकडा बघून किडनीबद्दल निष्कर्ष काढू नका, पाणी कमी प्यालं, प्रोटीन जास्त खाल्लं, पोटात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. काही लॅब युरिया लिहितात आणि काही बीयूएन, दोन्ही वेगळे आकडे आहेत, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो, त्यामुळे लॅब बदलल्यावर 'युरिया दुप्पट झाला' म्हणून रडू नका, आधी नाव वाचा. युरिक ॲसिड बहुतेक पॅकेजमध्ये असतंच, किडनी मंद झाली की ते वाढतं, पण त्रास काही नसेल तर नुसत्या आकड्यासाठी गोळी घ्यायची घाई नको.

पोटॅशियम मात्र गांभीर्याने घ्या. साधारण ३.५ ते ५ ठीक, ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं, ६ च्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना, ते हृदयाचे ठोके बिघडवतं. बीपीच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी ते थोडं वाढतं. आणि बाजारात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, बीपीला चांगलं म्हणून घरचे प्रेमाने आणतात, किडनीवाल्याला तेच घातक ठरू शकतं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर थंडीत इंदूरच्या सराफा बाजारातले गराडू (तळलेला कंद), नारळपाणी, केळी, बटाटा यावर आवर घालावा लागतो. नॉर्मल असेल तर उगीच फळं-भाज्या तोडू नका, शुगरमुळे आधीच ताटात काय उरलंय.

ईजीएफआर ६० च्या खाली गेला की हिमोग्लोबिन, बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फरस हे पण बघतात, पुढच्या स्टेजला पीटीएच (हाडांशी संबंधित हार्मोन) आणि व्हिटॅमिन डी. किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन बनवते, ते कमी पडलं की रक्त कमी होतं. बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. पण लगेच किडनीवर ढकलू नका, आधी आयर्न, फेरिटिन आणि बी१२ करा, बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी१२ कमी झालेलं असू शकतं.

शुगर आपोआप बरी झाली असं वाटलं तर

आमच्या कॉलनीतले एक काका, सत्तरीचे, इन्सुलिनवर. एका वर्षात त्यांचं इन्सुलिन निम्म्यावर आलं, पहाटे घाम फुटून शुगर खाली जायची म्हणून डोस कमी करत गेले, एचबीए१सी ५.९ आलं, घरात पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं मेथीचं पाणी लागू पडलं. त्यांची पायसूज बघून मी क्रिएटिनिन करायला लावलं तर २.७, म्हणजे ईजीएफआर पंचवीसच्या आसपास, हिमोग्लोबिन ८.६.

इन्सुलिन शरीरात मोडायचं काम किडनी पण करते. किडनी मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ अंगात राहतं आणि शुगर पाडतं, काही गोळ्यांचं पण तसंच होतं, ग्लिबेनक्लामाइडचं तर खास. आणि एचबीए१सी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर, किडनीच्या आजारात पेशी लवकर मरतात, एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं किंवा रक्त चढवणं झालं असेल तर सगळ्या नव्या पेशी, मग साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर एचबीए१सीवर पूर्ण भरवसा ठेवू नका, घरच्या ग्लुकोमीटरवरची शुगर लिहून ठेवा. खाणं-व्यायाम फारसं न बदलता शुगर खाली खाली जायला लागली तर त्याच आठवड्यात क्रिएटिनिन करा. ही गोष्ट प्रत्येक शुगरवाल्या घरात माहिती पाहिजे.

गोळी सुरू झाल्यावर आकडा वाढला तर

लघवीत अल्ब्युमिन आणि बीपी असेल तर टेल्मिसार्टन-लोसार्टनसारखी गोळी देतात, त्यात आता डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची भर पडलीय, त्याच जातीच्या कॅनाग्लिफ्लोझिनवरची क्रेडेन्स ही औषध-चाचणी २०१९ ला आली, डापाग्लिफ्लोझिनची २०२० ला, दोन्हींत किडनी बिघडायचा वेग कमी झालेला दिसला. पण या गोळ्या किडनीच्या चाळणीवरचा दाब कमी करतात, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जातं. आईचं टेल्मिसार्टननंतर तीन आठवड्यांत १.१ वरून १.२५ झालं, वाढ साधारण १४ टक्के, आणि ती म्हणाली या गोळीने किडनी खराब केली, बंद करते. चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, त्यापुढे गेली तर मात्र कारण शोधतात. म्हणून गोळी सुरू व्हायच्या आधी एक आणि दोन ते चार आठवड्यांनी एक असं क्रिएटिनिन-पोटॅशियम करा, आणि मनाने गोळी सोडू नका.

मेटफॉर्मिनचं पण याच आकड्यावर ठरतं, ईजीएफआर ४५ च्या खाली डोस कमी करायचं बघतात, ३० च्या खाली बंद. पावसाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात टिकत नाहीये, किंवा निर्जळी उपवास करायचाय, तर मेटफॉर्मिन, ग्लिफ्लोझिन आणि बीपीच्या या गोळ्या त्या दिवसांत थांबवायच्या का ते डॉक्टरांना आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा पेनकिलर मेडिकलवाल्याकडून आणून गुडघ्यासाठी रोज खाणं एकदम बंद. आईच्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात मला हेच सापडलं, बासष्ट ते चौसष्ट या दोन वर्षांत ती आठवड्यातून चार-पाचदा घेत होती, घरात कोणाला माहितीच नव्हतं.

मिठाचं पण लिहिते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात सकाळच्या पोह्यांवरची शेव आणि जीरावन मसाला पण मोजायचा. आम्ही पोहे सोडले नाहीत, शेव सोडली.

परत कधी करायचं

एकदा कमी आलेला ईजीएफआर तीन महिन्यांनी परत करून पक्का करायचा. मग ईजीएफआर ६० च्या वर आणि एसीआर ३० च्या आत असेल तर वर्षातून एकदा. आईसारखं ४५ ते ५९ आणि एसीआर ३० ते ३०० असेल तर वर्षातून दोनदा, ३० ते ४४ मध्ये आणि एसीआर तेवढाच असेल तर तीनदा, त्याखाली डॉक्टर सांगतील तसं, तीन-चार वेळा तरी. ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर सतत ३०० च्या वर, घसरण वेगाची, किंवा तीन-चार गोळ्या खाऊन पण बीपी उतरत नाही, यातलं काहीही असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट.

डॉक्टरांकडे जाताना फाइलींचा गठ्ठा नेऊ नका, वहीचं ते एक पान समोर ठेवा आणि तीन गोष्टी विचारा: ईजीएफआर वर्षाला किती उतरतोय, एसीआर कमी होतोय का, आणि आत्ताच्या ईजीएफआरला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे डोस बरोबर आहेत का. आईच्या पानावर आत्ता शेवटची ओळ आहे वय ६६, क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ५०, एसीआर ६२, पोटॅशियम ४.७, पेनकिलर नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरच्या सोमवारची टाकलीय, फराळ आटोपल्यावर.